मोजे वर ओढा! : इंग्रजी वाक्प्रचारांविषयी थोडेसे

आमच्या वसतिगृहातील एका विद्यार्थ्याच्या प्रगतिपुस्तकात आम्ही एकदा शेरा लिहिला, ‘पुल युवर सॉक्स अप’. मुलाने तो घरी शब्दशः सांगितला : मोजे वर ओढा. शेतमजुरी करणाऱ्या त्याच्या वडिलांनी पुढच्याच आठवडी बाजारात मोज्यांचा नवा जोड घेतला आणि पालकभेटीच्या दिवशी तो आमच्यासमोर मुलाच्या हाती ठेवला. ‘अधिक परिश्रम कर’ एवढाच त्या शेऱ्याचा अर्थ होता. कोणालाही हसू आले नाही. चूक आमची होती.

वाक्प्रचाराचा अर्थ त्यातील सुट्या शब्दांत नसतो. तो संपूर्ण शब्दबंधाला रूढीने मिळालेला असतो. मराठीतही ‘हातावर तुरी देणे’ म्हणताना तुरीचा एक दाणाही कोणी देत नाही. याच अर्थाचा इंग्रजी वाक्प्रचार म्हणजे ‘गिव्ह द स्लिप’. त्याचा अर्थ ‘चिठ्ठी देणे’ असा लिहिलेल्या उत्तरपत्रिका आम्ही पुष्कळ तपासल्या आहेत. ‘कॉल इट अ डे’ म्हणजे आजचे काम येथेच थांबविणे, ‘वन्स इन अ ब्लू मून’ म्हणजे अगदी क्वचित. ‘अंडर द वेदर’ म्हणजे प्रकृती बरी नसणे. पावसापाण्याशी त्याचा संबंध नाही.

काही वाक्प्रचारांना गावाचा संदर्भ असतो. न्यूकॅसल हे कोळशाच्या व्यापाराचे इंग्लंडमधील जुने शहर. तेथे कोळसा नेणे म्हणजे निरर्थक खटाटोप. ‘जालन्याच्या बाजारात बाहेरून मोसंबी आणणे’ असे म्हणताच मागच्या बाकापर्यंत अर्थ पोहोचला. ‘चांदीचा चमचा तोंडात घेऊन जन्मणे’ म्हणजे श्रीमंताघरी जन्मणे. हा अर्थ सांगताना ‘जालना, सोने का पालना’ ही आपल्याकडील जुनी म्हण आठवतेच. मात्र आमच्या कित्येक मुलांचा पाळणा म्हणजे उसाच्या फडाशेजारी बांधलेली लुगड्याची झोळी होती.

‘लालफीत’ आणि ‘पांढरा हत्ती’ हे शब्दप्रयोग तर इंग्रजीतून येऊन मराठीत इतके रुळले, की ते परके वाटतही नाहीत.

त्या पालकभेटीनंतर प्रगतिपुस्तकातील शेरे आम्ही मराठीतच लिहितो. इंग्रजी वाक्प्रचार वर्गात, प्रसंग सांगून शिकवितो. ते मोजे मात्र त्या विद्यार्थ्याने दहावीपर्यंत जपून वापरले.