संमोहनोपचारकाची निवड : पात्रतेचा विचार

परीक्षेची भीती, निद्रानाश वा व्यसन यांवर संमोहनोपचार घ्यावा काय, असा प्रश्न विद्यार्थी व पालक प्राध्यापकांना विचारतात. उपचारक कसा निवडावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

जेम्स ब्रेड या स्कॉटिश शल्यचिकित्सकाने १८४३ च्या ग्रंथात संमोहनाचा संबंध गूढ शक्तीशी न जोडता अवधानाच्या एकाग्रतेशी जोडला. संमोहन हे उपचारातील एक तंत्र होय. स्वतंत्र वैद्यकशाखा नव्हे. म्हणून पहिली कसोटी अशी की, संमोहनाविनाही तो विकार हाताळण्यास ही व्यक्ती पात्र आहे काय? मनोविकारतज्ज्ञाची नोंदणी वैद्यक परिषदेकडे, तर चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची १९९२ च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. अल्पमुदतीच्या शिबिराचे प्रमाणपत्र या नोंदणीची जागा घेऊ शकत नाही.

नोंदणी पाहिल्यावर उद्दिष्ट, सत्रसंख्या, शुल्क व पर्यायी उपचार विचारावेत. शंभर टक्के गुणाची हमी वा पूर्वजन्मदर्शनाचे आश्वासन देणाऱ्यास टाळावे. संमोहनात 'आठवलेले' प्रसंग विश्वसनीय असतातच असे नाही. भ्रम-भास असणाऱ्या रुग्णावर तर हा प्रयोग अपायकारक ठरू शकतो.

यास्तव आष्टी परिसरातील गरजूने प्रथम निदान करून घ्यावे. जिल्ह्यातच सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचा मनोविकार विभाग आहे. निदान आधी, तंत्र नंतर, हाच क्रम सुरक्षित होय.