लेथ नसेल तर…
सळईच्या टोकात मधोमध भोक कसे पाडाल?

• सुरुवातीला ड्रिल प्रेसच्या चकमध्ये ड्रिल नको, सळईच धरा. चक खाली आणून तिचे टोक व्हाइसच्या उभ्या व्ही-खाचेत आवळा. व्हाइस तोवर मोकळा असू द्या. नंतर टेबलाला बोल्टने जखडा.

• चक सोडून वर घ्या, ड्रिल लावा. सळई स्पिंडलच्या रेषेतच राहते.

• टेबलाची उंची आधीच ठरवा. गोल खांबाच्या मशीनवर ते खालीवर करताना बाजूलाही फिरते.

• आखूड, जाड सेंटर ड्रिलने सुरुवात करा. लांब ड्रिल भरकटते.

• माइल्ड स्टीलमध्ये ६ मिमी एचएसएस ड्रिलला मिनिटाला सुमारे १,३०० फेरे पुरतात. मधूनमधून ड्रिल वर घेऊन बुरा काढा, कटिंग ऑइल सोडा.