बेस गिटार घेताय? पिकअप नंतर बदलता येतो, पण 'या' गोष्टी बदलत नाहीत

बेस गिटार घ्यायची म्हटलं की चर्चा सुरू होते ती कंपनीपासून. मग रंग, मग पिकअप, आणि मग कुणीतरी सांगतं, "घेतोच आहेस तर पाच तारांची घे." या सगळ्यात एक प्रश्न विचारायचा राहून जातो. ही गिटार तुमच्या हाताला आणि खांद्याला झेपणार आहे का?

पिकअप, तारा, नॉब, ट्यूनिंगच्या चाव्या हे सगळं नंतर बदलता येतं. गिटारची लांबी आणि बॉडीचं वजन मात्र बदलता येत नाही. त्यामुळे न बदलणाऱ्या गोष्टी आधी बघायच्या आणि बदलता येणाऱ्या नंतर.

३४ इंच की ३० इंच?

१९५१ मध्ये अमेरिकेत लिओ फेंडर यांची 'प्रिसिजन बेस' बाजारात आली. त्याआधी बेस वाजवायचा म्हणजे माणसाएवढा उंच डबल बेस उभा करून वाजवायचा. त्याला फ्रेट नसतात, म्हणजे सूर अंदाजाने पकडायचा. नव्या गिटारला फ्रेट होते, सूर नेमका लागायचा. म्हणून नाव प्रिसिजन.

या गिटारची स्केल, म्हणजे तारेचा वाजणारा भाग, ३४ इंचांचा होता. आजही बहुतेक बेस गिटार याच मापाच्या असतात. ३० इंचांच्या आसपासच्या गिटारला शॉर्ट स्केल म्हणतात.

चार इंचांनी काय फरक पडतो? पहिल्या फ्रेटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर ३४ इंची गिटारवर सुमारे १३ सेंटीमीटर असतं, ३० इंचीवर साधारण साडेअकरा. हात लहान असेल, तर रोज तासभर सराव करताना हा दीड सेंटीमीटर मनगटाला चांगलाच जाणवतो.

शॉर्ट स्केल फक्त लहान मुलांसाठी असते, हा गैरसमज आहे. पॉल मॅकार्टनी यांची व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर शॉर्ट स्केलचीच आहे.

अर्थात, त्याची किंमतही मोजावी लागते. त्याच सुरासाठी तार कमी ताणली जाते, त्यामुळे ती थोडी सैल लागते आणि आवाज अधिक गोल येतो. पाच तारांच्या गिटारमधली सर्वांत जाड तार तर लांब स्केलवरच नीट ताणली जाते. म्हणून पाच तारा हव्या असतील तर ३४ किंवा ३५ इंच बघावी.

बॉडी मोठी म्हणजे आवाज मोठा?

ॲकूस्टिक गिटारचा पोकळ डबा आवाज वाढवतो. सॉलिड बॉडी बेसमध्ये ते काम ॲम्प्लिफायर करतो. म्हणून तिथे बॉडीच्या आकाराचा मोठा परिणाम होतो तो वजनावर आणि तोलावर.

साधारण बेस गिटार साडेतीन ते साडेचार किलोची असते. दुकानात बसून पाच मिनिटं वाजवली तर हे वजन कळत नाही. पट्टा लावून पंधरा मिनिटं उभं राहून वाजवा. मग डावा हात हलकेच सोडा (डावखुऱ्यांनी उजवा). नेक जमिनीकडे झुकत असेल, तर वाजवताना ती सतत हाताने उचलून धरावी लागेल. हलक्या चाव्या आणि रुंद, खरखरीत पट्टा यांनी थोडा फरक पडतो, पण दोष पूर्ण जात नाही.

पिकअप नेमकं काय करतो?

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली हजारो वेढ्यांची बारीक तांब्याची तार. वरची स्टीलची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि या वेढ्यांत वीज तयार होते. तीच ॲम्पमधून आवाज होऊन बाहेर येते.

मुख्य प्रकार तीन:

• स्प्लिट कॉइल: प्रिसिजनवर १९५७ पासून असलेला दोन तुकड्यांचा पिकअप. आवाज भरदार, घरघर कमी.

• सिंगल कॉइल: १९६० मध्ये आलेल्या 'जॅझ बेस'वर असे दोन असतात. आवाज स्पष्ट आणि तिखट. फक्त एकच पिकअप चालू ठेवला तर विजेची घरघर ऐकू येऊ शकते.

• हमबकर: दोन कॉइल एकमेकांची घरघर खोडून काढतात. आवाज जाड आणि जोरकस.

पिकअपची जागाही महत्त्वाची. नेकजवळचा पिकअप जाड आवाज देतो, ब्रिजजवळचा टोकदार. काही गिटारमध्ये बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प असतो, त्यांना 'ॲक्टिव्ह' म्हणतात. त्यांची केबल वाजवून झाल्यावर काढून ठेवावी. बहुतेक ॲक्टिव्ह गिटारमध्ये केबल लावलेली असली की बॅटरी उतरत राहते.

बदल करायचे तर कोणत्या क्रमाने?

१. सेटअप: नेकचा बाक, तारांची उंची आणि सूर जुळवून घेणं. पावसाळ्यातल्या दमट हवेत लाकूड फुगतं आणि नेकचा बाक बदलतो, त्यामुळे हे अधूनमधून करावंच लागतं.

२. तारा: राउंडवाउंड तारांचा आवाज झळझळीत, फ्लॅटवाउंडचा मऊ. शॉर्ट स्केलसाठी त्याच मापाचा सेट घ्यावा.

३. पिकअप: आधी मोजमाप घ्यावं. जॅझ बेसचे दोन पिकअप सारखे दिसतात, पण ब्रिजकडचा सहसा किंचित लांब असतो. वेगळ्या आकाराचा पिकअप बसवायचा तर लाकूड कोरावं लागतं, आणि कोरलेलं लाकूड परत येत नाही. गिटार विकताना त्याची किंमतही कमी येऊ शकते.

जेम्स जेमरसन यांनी मोटाउनची असंख्य गाणी १९६२ च्या एका प्रिसिजनवर वाजवली. तिच्यावर जाड फ्लॅटवाउंड तारा होत्या, ब्रिजच्या झाकणाखाली स्पंजचा तुकडा होता, आणि उजव्या हाताचं एकच बोट तार छेडायचं. त्यांचा तो ओळखीचा आवाज यातूनच आला.

जुनी गिटार घेत असाल तर आणखी एक तपासणी हवी. नेकच्या आतली ट्रस रॉड फिरते का, हे जाणकाराकडून बघून घ्या. ती अडकलेली असेल तर दुरुस्तीचा खर्च मोठा होऊ शकतो. तिथे पिकअप कितीही भारी असला तरी सौदा सोडून दिलेला बरा.