मान धरली, तर कुणाकडे जायचं?

आमच्या गटाच्या कर्जाच्या वहीत 'कारण' असा एक रकाना आहे. पूर्वी त्यात बी-बियाणं, शेळी, मुलाची फी, लग्न असं लिहिलेलं असायचं. अलीकडे तिथे 'मानेचा इलाज' हे कारण सारखं दिसायला लागलं. कुणी दोन हजार घेतले, कुणी पाच हजार. तेल, पट्टा, चुंबकाची माळ, शहरातल्या मालिशवाल्याचे पैसे. शेकडा दोन रुपये महिना व्याजानं बाया मान बरी करायला निघायच्या आणि तीन महिन्यांनी मान होती तशीच. म्हणून आम्ही ठरवलं, की यातलं कामाचं काय, नुसतं खर्चाचं काय आणि धोक्याचं काय हे एकदा समजून घ्यायचं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारलं, जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातल्या फिजिओथेरपी विभागात जाऊन बसलो, जे मिळालं ते वाचलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

आधी मान कशी बनली आहे ते बघू. मानेत सात मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते, मणक्यांच्या आतून मज्जारज्जू जातो आणि बाजूंनी निघालेल्या नसा खांद्यातून थेट बोटांपर्यंत पोचतात. म्हणून दुखणं मानेत असलं तरी मुंग्या बोटांना येतात. या सगळ्यावर डोकं, साधारण पाच किलोचं. डोकं सरळ असेल तर भार मणक्यांवर तोलला जातो. पुढे झुकलं की मागच्या स्नायूंना ते ओढून धरावं लागतं. पाण्याची कळशी छातीशी धरा आणि मग तीच हात लांब करून धरा, म्हणजे फरक कळेल. आता आपली कामं आठवा. शिलाई मशीन, खुरपणी, गोधडीचे टाके, कांदा निवडणं, भाकरी थापणं, आणि रात्री जरा टेकलं की मोबाईल. दिवसभर मान खालीच. वर चुंबळीवर हंडा, सरपण नाहीतर वैरणीचा भारा.

तीन महिन्यांपेक्षा जास्त राहिलेल्या दुखण्याला डॉक्टर जुनं दुखणं म्हणतात. त्याची गंमत अशी, की मूळची इजा भरून आली तरी दुखणं थांबत नाही. नसा आणि मेंदू जास्तच सावध झालेले असतात, थोड्याशा ताणानंही ओरडतात. झोप कमी असली, घरात कटकट असली, हप्ता थकलेला असला की मान जास्त धरते. हे मनाचे खेळ नव्हेत, दुखणं खरंच असतं. पण म्हणूनच एका गोळीनं किंवा एका तेलानं ते जात नाही.

आणि तो 'गॅप'. "माझ्या मणक्यात गॅप आलाय" हे वाक्य आम्ही इतक्या जणींकडून ऐकलं, की बैठकीत हजेरीच्या रकान्याशेजारी गॅपचा रकाना काढावा की काय असं वाटलं. जपानमध्ये मानेची काही तक्रार नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय काढले होते. त्यातल्या सुमारे ८८ टक्के लोकांच्या मानेतली गादी थोडीफार बाहेर आलेली दिसली. तक्रार मात्र नव्हती. वयाबरोबर मणक्यांची झीज होतेच, केस पिकतात तशी. तेव्हा फोटोत काहीतरी दिसलं म्हणून घाबरून जाऊ नका, आणि तो फोटो दाखवून कुणी दहा हजारांचं पॅकेज विकत असेल तर पर्स उघडू नका.

पण काही लक्षणं अशी आहेत, की त्यात मालिश नाही, योग नाही, आधी दवाखाना. हातातली ताकद कमी होणं, वस्तू हातातून पडणं, बटण लावता न येणं. चालताना तोल जाणं, पाय जड वाटणं. लघवी-शौचावरचा ताबा जाणं. ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं. पडल्यावर किंवा गाडीच्या अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं. पूर्वी कर्करोग झालेला असणं. आणि मानेबरोबर छातीत दाब, जबडा किंवा डावा हात दुखत असेल, घाम फुटत असेल, तर ते हृदयाचं असू शकतं. तिथे एक मिनिटही थांबायचं नाही.

आमच्या गटातल्या एक काकू दीड वर्ष मान दुखते म्हणून तेल लावत होत्या. मग हातातून ताटल्या पडायला लागल्या. घरच्यांना वाटलं, वय झालं. शेजारच्या तालुक्यात मानेला झटका देऊन 'नस मोकळी' करणारा एक जण आहे, त्याच्याकडे न्यायचं ठरलंही होतं, गाडी सांगितली होती. आदल्या दिवशी आशाताई दुसऱ्याच कामाला घरी आल्या आणि त्यांनी काकूंना चालताना पाहिलं. पाय फाकवून, भिंत धरून. त्यांनी हट्टच धरला, की आधी सरकारी दवाखाना. एमआरआयमध्ये दिसलं, की मज्जारज्जूवर दाब आला होता. शस्त्रक्रिया झाली. आता काकू नीट चालतात, उजव्या हाताच्या बोटांत जोर मात्र पूर्ण आलेला नाही. डॉक्टरांनी घरच्यांना एवढंच सांगितलं, की अशा मानेला झटका बसला असता तर हातपाय कायमचे गेले असते.

म्हणून झटक्याचं आधीच बोलून घेतो. न्हाव्याच्या दुकानात चंपीनंतर कडकन मान मोडतात, गावोगावी हाडवैद आहेत, काही ठिकाणी पायाळू माणसाची लाथ घ्यायची रीत आहे. कडकन आवाज आला म्हणजे मणका जागेवर बसला असं नाही. सांध्यातल्या द्रवात हवेचा बुडबुडा होतो, त्याचा तो आवाज. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या असतात. झटक्यानं त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडली तर तिथे गाठ धरून लकवा होऊ शकतो. असं क्वचित होतं, पण होतं. शिकलेल्या फिजिओथेरपिस्टनं तपासून हातानं केलेले उपचार वेगळे. रस्त्यावरचा झटका आम्ही कुणालाच सुचवत नाही. पायाळू माणसाची लाथ तर नकोच, मग तो नात्यातला का असेना.

आता उपयोगाचं. सगळ्यात स्वस्त शेक. गरम पाण्याची पिशवी, किंवा तव्यावर तापवलेल्या मिठाची वा वाळूची पुरचुंडी. पंधरा-वीस मिनिटं पुरे. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. मधुमेहामुळे कातडीची जाणीव कमी झालेली असेल तर चटका बसलेला कळत नाही, अशा बाईनं दुसऱ्याकडून शेक घ्यावा. निर्गुडीचा पाला गरम करून शेकायची आपल्याकडची पद्धत चांगलीच आहे. शेकानं स्नायू सैल होतात आणि तेवढ्या वेळात मान हलवता येते. शेक घेऊन तसंच पडून राहिलात तर त्यातला अर्धा फायदा वाया गेला.

मालिशचं आम्ही जरा खोलात जाऊन पाहिलं, कारण जास्त पैसे तिथेच गेले होते. अमेरिकेत जुनी मानदुखी असलेल्या २२८ लोकांवर २०१४ साली एक अभ्यास छापून आला. आठवड्यातून दोन-तीनदा, तासभर, चार आठवडे मालिश केली त्यांना आराम पडला. अर्ध्या तासाची मालिश घेणाऱ्यांना तसा फरक पडला नाही. म्हणजे मालिश काम करते, पण ती भरपूर लागते. बाजारभावानं तेवढी घ्यायची तर आपल्यातल्या कुणाला परवडणार? आमचा सल्ला असा, की घरात सून, मुलगी, नवरा (हो, नवऱ्यालाही हात आहेत) यांच्याकडून कोमट तिळाच्या तेलानं खांदे आणि मानेची मागची बाजू हलक्या हातानं चोळून घ्या. गळ्याची पुढची बाजू दाबायची नाही, मणक्याच्या हाडावर जोर द्यायचा नाही. आपले तेलाचे पैसे जातात ते नावावर. साधं तेल आणि तीनशे रुपयांची बाटली यात चोळणाऱ्या हाताचंच काम जास्त.

आयुर्वेदात मान अवघडण्याला मन्यास्तंभ म्हणतात. त्यात ग्रीवा बस्ती करतात. उडदाच्या पिठाचं आळं मानेवर करून त्यात कोमट औषधी तेल थोडा वेळ ठेवायचं. बऱ्याच जणींना त्यानं बरं वाटतं, आणि सरकारी आयुर्वेद रुग्णालयात हे कमी खर्चात होतं. मात्र पदवी असलेल्या वैद्याकडूनच करून घ्या. आमचं खरं भांडण आहे ते बिननावाच्या पुड्यांशी. बाजारात, बसस्टँडवर 'जडीबुटी' म्हणून मिळणाऱ्या पुडीनं दोन दिवसांत दुखणं गायब झालं, तर खूश होऊ नका, शंका घ्या. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलेलं आहे. त्यानं चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि एकदम बंद केल्या तर माणूस कोसळतो. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या महिनोन्‌महिने खाल्ल्या तर पोटात अल्सर होतो आणि मूत्रपिंडं बिघडतात, हेही त्याच यादीत धरा.

सुयांचा उपचार, म्हणजे ॲक्युपंक्चर, मूळ चीनमधला. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातले डॉ. बिजॉय कुमार बसू यांनी पुढे ही विद्या भारतात आणली. इंग्लंडमध्ये ५१७ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१५ साली छापला गेला. त्यात नेहमीच्या उपचारांबरोबर ॲक्युपंक्चर घेतलेल्यांना वर्षानंतरही इतरांपेक्षा दुखणं कमी होतं. ज्यांना उठण्या-बसण्याची, अंग सैल ठेवण्याची एक पद्धत शिकवली होती, त्यांनाही जवळपास तेवढाच फायदा झाला. हे दुसरं आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटलं, कारण शिकलेलं आपल्याजवळ राहतं. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आहे, तेव्हा करणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. सुया नव्या पाकिटातल्या, एकदाच वापरायच्या असाव्यात. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेलेले असतील तर ते आधी सांगा.

आणि योग. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांनी पट्टा, घोंगडी, खुर्ची, लाकडी ठोकळे यांचा आधार घेऊन आसनं करायची पद्धत बसवली, त्यामुळे आखडलेल्या माणसालाही ती करता येतात. जर्मनीत जुनी मानदुखी असलेल्या ५१ जणांवर नऊ आठवडे प्रयोग झाला. निम्म्यांना आठवड्यातून एकदा अय्यंगार पद्धतीचा वर्ग, बाकीच्यांना घरी करायच्या व्यायामाची पुस्तिका. वर्गातल्यांचं दुखणं जास्त कमी झालं. अभ्यास लहान आहे, पण दिशा बरोबर वाटते. फक्त शीर्षासन, सर्वांगासन, हलासन दुखऱ्या मानेनं करायचं नाही, आणि मान गोल गोल गरगर फिरवायची नाही.

फिजिओथेरपी विभागातल्या ताईंनी आम्हाला जे दाखवलं ते आता आम्ही दर बैठकीच्या आधी करतो. ताठ बसायचं. हनुवटी खाली न घालता सरळ मागे न्यायची, दुहेरी हनुवटी दिसेल अशी. पाच आकडे मोजायचे, सोडायचं. दहा वेळा. मग तळहात कपाळाला लावून कपाळानं हात ढकलायचा, हातानं कपाळ अडवायचं, मान हलू द्यायची नाही. पाच आकडे. असंच मागून आणि दोन्ही बाजूंनी. मग दोन्ही खांदे मागे ओढून पाठीची पाती जवळ आणायची. सगळं मिळून दहा मिनिटं. थोडा ताण जाणवला तर चालतो. कळ हातात उतरली, मुंग्या वाढल्या, चक्कर आली तर थांबायचं आणि दाखवायचं. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात सोडून देणाऱ्याच जास्त असतात, आमच्यातही होत्या. एकत्र करायला लागल्यापासून गळती थांबली, शिवाय हसायला मिळतं ते वेगळंच.

मानेचा पट्टा दुखणं फार असेल तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेले थोडे दिवसच. महिनोन्‌महिने घातला तर स्नायू अजून लेचेपेचे होतात. चुंबकाच्या माळेवर आमचा काडीचा विश्वास नाही. उशी उन्हात टाकायची ती जरूर टाका, ढेकूण तरी जातील. पण मानेसाठी उशीची जाडी बघा. कुशीवर झोपल्यावर मान खांद्याच्या रेषेत राहील एवढीच हवी.

गटात आम्ही आता एवढा बदल केला आहे, की मानेसाठी कर्ज मागितलं तर आधी सरकारी दवाखान्याचा केसपेपर बघतो. नाही म्हणायला नाही, आधी तपासणी झाली की नाही हे कळायला. जाताना जुने फोटो, चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या आणि खाल्लेल्या पुड्याही लपवू नका. शिवणकाम करणाऱ्या जणींनी स्टुलावर घडी केलेली गोधडी टाकून बैठक उंच केली आहे आणि मशीन खिडकीजवळ ओढलं आहे. कापड दिसायला वाकावं लागत होतं, ते थांबलं. दर अर्ध्या तासाला एक जण मोठ्यानं "उठा" म्हणते. आणि डोक्यावरच्या हंड्याचं म्हणाल, तर नळाची मागणी ग्रामसभेत तिसऱ्यांदा मांडली आहे. या वेळी अर्जाला आम्ही मान दुखणाऱ्या बायांची यादी जोडली आहे.