मान, मणके आणि मोबाईल

म्हैसूर हे विद्यार्थ्यांचे नगर म्हणून प्रसिद्ध आहे. 1916 साली येथे विद्यापीठ स्थापन झाले, आणि आज मानसगंगोत्रीच्या परिसरात दूरदूरची मुले शिकावयास येतात. शेजारीच कुक्करहळ्ळीचे रम्य तळे आहे. पण काठावर विसावलेल्या तरुणांपैकी पाण्यावरील पक्ष्यांकडे पाहणारे थोडे, आणि हातातील स्मार्टफोनवर मान झुकविलेले अधिक. हे दृश्य पुण्यात वा बेळगावातही निराळे नाही. म्हैसुरात ते अधिक टोचते एवढेच. कारण शरीर कसे धारण करावे याचे धडे याच नगराने जगास दिले. महाराज चौथे कृष्णराज वडियार यांच्या आश्रयाने 1933 साली जगन्मोहन राजवाड्यात कृष्णम्माचार्यांची योगशाळा सुरू झाली. मलेरिया, विषमज्वर आणि क्षय यांनी बालपणीच खंगलेला त्यांचा एक शिष्य 1937 साली पुण्यास योग शिकविण्यासाठी आला आणि पुणेकरच झाला. ते बी. के. एस. अय्यंगार होत.

मनुष्याचे डोके सुमारे 5 किलो वजनाचे असते, आणि मानेचे सात मणके ते तोलून धरतात. कडेवरची घागर जितकी सोसते तितकी ती हात लांब करून धरल्यास सोसत नाही, हे प्रत्येक गृहिणी जाणते. डोक्याचेही तसेच आहे. अमेरिकेतील शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी 2014 साली केलेल्या गणनेनुसार, मान 15 अंश झुकली की मणक्यांवरील भार 12 किलोंवर जातो आणि 60 अंशांस तो 27 किलो होतो. हे गणिताने काढलेले आकडे आहेत, मुलांच्या मानेवर मोजलेले नव्हेत. तरी त्यांचा रोख स्पष्ट आहे. दप्तराचे ओझे विद्यार्थ्याच्या वजनाच्या दशांशाहून अधिक नसावे असे 2020 च्या राष्ट्रीय धोरणाने सांगितले. या दुसऱ्या ओझ्याला मात्र कोणी तराजू लावीत नाही.

आता डोकेदुखीविषयी. मानेच्या वरच्या भागातून निघणारे मज्जातंतू आणि चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणारे मज्जातंतू मेंदूच्या तळाशी एकत्र येतात. त्यामुळे दुखते मानेत आणि जाणवते कपाळात वा डोळ्यामागे! आई बाम चोळते तो कपाळाला. आखडलेले स्नायू राहतात मानेतच. शिवाय पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्या कमी लवतात, डोळे शुष्क होतात. रात्रीचे जागरण त्यात भर घालते. मग परीक्षेच्या दिवसांत वेदनाशामक गोळ्यांची सवय जडते. महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, आणि असे कित्येक महिने त्या घेतल्यास त्या गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते, ही गोष्ट पुष्कळ घरांत ठाऊक नसते.

झुकलेली मान हेच दुखण्याचे कारण, यावर संशोधकांचे एकमत नाही. काही पाहण्यांत असा सरळ संबंध आढळला नाही. आमच्या मते खरा दोष वाकण्यापेक्षा न हलण्यात आहे. तांदूळ निवडणारी आजीही मान खाली घालूनच बसे; पण ती मध्येच चुलीकडे पाही, नातवास हाक मारी, उठून दार उघडी. फोन मात्र माणसास उठू देत नाही.

म्हणून मुलांवर ओरडण्यापेक्षा घरची व्यवस्था बदलावी. फोन पुस्तकांच्या चळतीवर टेकवून डोळ्यांच्या समोर आणावा. दर अर्ध्या तासाने उठून पाणी प्यावे, खांदे फिरवावेत, हनुवटी किंचित मागे ओढून पाच श्वास थांबावे. अंथरुणात फोन नको. रात्री सर्वांचे फोन, वडिलांचासुद्धा, दिवाणखान्यात राहावेत. फोन सुटतच नसेल, अभ्यास आणि झोप दोन्ही बिघडली असतील, तर त्यावरही उपचार आहेत. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने अशांसाठी 2014 साली स्वतंत्र चिकित्सालय उघडले.

हातास मुंग्या येणे वा पकड सैल होणे, पहाटे उठताच ओकारीसह डोके दुखणे, किंवा तापात मान ताठरणे, ही लक्षणे दिसली तर मोबाईलला बोल लावीत न बसता मुलास त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.