ज्या दुःखाला सुतक नाही

मागल्या महिन्यात दांडिया बाजारातल्या एका स्नेह्यांच्या घरी आमच्या वाचनमंडळाची बैठक होती. बोलता बोलता विषय निघाला आजच्या मराठी कादंबरीचा. मंडळातल्या एक वयस्क बाई आहेत, फडके-खांडेकरांवर वाढलेल्या. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "अहो मास्तर, हल्लीच्या कादंबऱ्यांत कुणी मरत नाही, कुणाचे लग्न होत नाही, आणि तरी दोनशे पाने माणसे आपली दुःखी! हे दुःख तरी कसले म्हणायचे?" सगळे हसले. मीही हसलो. पण घरी जाताना तो प्रश्न माझ्याबरोबर सुरसागरापर्यंत चालत आला.

मी गाणे शिकविणारा माणूस. कादंबरीच्या समीक्षेचा अधिकार मला नाही. पण बाईंच्या प्रश्नात एक शब्द दडलेला आहे असे मला वाटले. तो शब्द म्हणजे सुतक.

आपल्या जुन्या घरांत दुःखाची व्यवस्था मोठी चोख असते. माणूस गेले की शेजारघरातून पिठले-भात येतो. दहा दिवस सुतक, मग तेरावा, मग गोडाचे जेवण. नातलग दुखवटा घेऊन येतात. कोणी कुठे बसायचे, कोणी काय नेसायचे, किती दिवस देवाला हात लावायचा नाही, सारे ठरलेले. या रीतीला कोणी कितीही नावे ठेवो, तिच्यात एक शहाणपण आहे. शोकाला ती जागा देते आणि त्याला शेवटही देते. चौदाव्या दिवशी श्रीखंडाचा घास घशाखाली उतरत नाही, तरी तो घ्यावा लागतो. आणि तो घेतला की पुढचा दिवस सुरू होतो.

पण ही सारी सोय मृत्यूपुरती. ठरलेले लग्न मोडले तर सुतक किती दिवसांचे? नवरा सोडून गेला तर पिठले-भात कोण आणणार? नववीतल्या मुलाचे पहिले प्रेम गाव सोडून गेले तर त्याच्या दुखवट्याला कोण येणार? आजच्या चांगल्या कादंबऱ्या नेमक्या याच दुःखांपाशी बसलेल्या आहेत, असे माझे वाचन मला सांगते.

मराठी कादंबरीचा आरंभच मुळी शोकातून झाला, हे आपण विसरतो. बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ सालचे. विधवाविवाहाचा कायदा त्याच्या एकच वर्ष आधीचा. त्यातली यमुना विधवा होते, ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि पुन्हा लग्न करते. म्हणजे नव्याने मांडलेला डाव आपल्या पहिल्याच कादंबरीत आहे! मात्र लेखकाला सिद्ध करायचे होते ते निराळेच, त्यामुळे यमुनेच्या मनात मधल्या काळात काय चालले असेल हे तिथे फारसे सापडत नाही. पुढे हरिभाऊ आपट्यांनी १८९० पासून 'करमणूक'मधून 'पण लक्षांत कोण घेतो!' लिहावयास घेतली आणि यमूच्या तोंडूनच तिची कहाणी वदविली. हरिभाऊ मन दाखवितात, आणि असे दाखवितात की आजही ते केशवपनाचे प्रकरण एका बैठकीत वाचवत नाही. पण यमूला नवा डाव नाही. तिच्या वैधव्याला सुतक आहे, आणि ते जन्मभराचे आहे.

सुतक नसलेले दुःख मला प्रथम भेटले ते विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'मध्ये. साल १९३९. (याच वर्षाच्या आरंभी आपले सयाजीराव महाराज गेले. त्या दुःखाला अवघ्या संस्थानाचा दुखवटा होता.) बेडेकरांच्या छोट्याशा पुस्तकात युरोपातून मुंबईकडे येणारी बोट आहे. तिच्यावर चक्रधर विध्वंस आहे, प्रेमात एकदा पोळलेला. आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा आहे, जिचे सर्वस्व मागे राहिले आहे. दोन मोडलेली माणसे थोड्या दिवसांच्या प्रवासात पुन्हा आरंभ करू पाहतात. पण मुंबईला तिला उतरता येत नाही. बोट पुढे जाते आणि हॅर्टा समुद्रात उडी घेते. आता चक्रधराने रडायचे कोणापाशी? ही बाई त्याची कोण लागत होती? कोणत्याच नात्याच्या रकान्यात ती बसत नाही. त्या काळच्या गोड-गुलाबी कादंबऱ्यांत हे पुस्तक विवादी स्वर लागावा तसे लागले आहे.

'कोसला'विषयी (१९६३) एवढ्या जणांनी लिहिले आहे की मी एकच गोष्ट सांगतो. पांडुरंग सांगवीकराची धाकटी बहीण मनी देवीने जाते. लहान मुलाचे सुतक आपल्याकडे थोडक्यात आवरते. नेमाडे ते आवरू देत नाहीत. पुस्तकभर जो थट्टेखोर सूर चाललेला आहे तो तिथे फाटतो, आणि नंतर तो सूर परत आला तरी त्याला लागलेले ठिगळ ऐकू येत राहते.

आता आजच्यांकडे वळू. २००४, २००५ आणि २००६ अशी ओळीने तीन वर्षे मराठीत तीन कादंबऱ्या आल्या. तिघांचे लेखक निराळे, रीती निराळ्या.

मिलिंद बोकील यांची 'शाळा' बहुतेकांनी वाचलेली किंवा निदान पडद्यावर पाहिलेली असेल. आणीबाणीचे दिवस, नववीचा वर्ग, मुकुंद जोशी आणि शिरोडकर. वर्षाअखेर शिरोडकर गाव सोडून जाते, जोशीपुढे दहावी. बस्स, एवढेच. पुस्तक विनोदी म्हणून वाचले जाते आणि तसे ते आहेही. पण शेवटची पाने वाचताना मला माझ्या वर्गातली पोरे आठवतात. एखादा मुलगा आठवडाभर बेसूर गातो, विचारले तर म्हणतो, "सर, सर्दी झालीय." आपण लवंग चघळायला सांगतो. बोकिलांनी त्या सर्दीवर तीनशे पाने लिहिली, आणि एकदाही पोराची कीव केली नाही.

सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' मात्र आपल्या घरांतून अजून थोडी दबकत वाचली जाते. कारण सर्वांस ठाऊक आहे. पुण्यातल्या एका मध्यमवर्गीय मराठी घरात भाडेकरू म्हणून एक तरुण येतो. घरातला मुलगा तनय आणि मुलगी अनुजा, दोघेही त्याच्या प्रेमात पडतात. अनुजा त्याच्याबरोबर निघून जाते. मग तो तिलाही टाकून नाहीसा होतो आणि ती घरी परतते. पुस्तकाचे दोन भाग. पहिल्यात तनय त्या गेलेल्या माणसालाच 'तू' म्हणून सारे सांगतो. दुसरा भाग म्हणजे अनुजाची रोजनिशी. दोघांना सोडून गेलेल्या त्या इसमाचे नाव आपल्याला कळत नाही ते नाहीच.

या पुस्तकातली मला भिडलेली गोष्ट निराळी आहे. अनुजा परत आल्यावर सारे घर तिच्याभोवती गोळा होते. रागावते, चिंता करते, तिचे काय होणार म्हणून कुजबुजते. म्हणजे तिच्या दुःखाला, वेडावाकडा का होईना, दुखवटा मिळतो. तनय त्याच घरात, त्याच पंगतीला बसून जेवतो आहे आणि त्याचे काही हरवले आहे हे कुणाच्या गावीही नाही. ज्याचे प्रेमच कुणी मोजले नाही त्याचा वियोग कोण मोजणार? म्हणून तो निघून गेलेल्याशीच बोलत बसतो. दुसरे कोणी ऐकणारे नाही. विषय रुचो वा न रुचो, जुन्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी हा पहिला भाग वाचावाच असे मी म्हणेन. आपल्याही पंगतीत असे कोणी बसलेले असू शकते.

मग प्रश्न येतो सुतक फिटण्याचा. इथे मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगू द्या. तंबोऱ्याची तार तुटली की नवी चढवायची. त्यात विशेष काही नाही. पण नवी तार लगेच राहत नाही. सकाळी मिळवावी तो दुपारी उतरते. चार दिवस, आठ दिवस खुंटी पिळत, मणी सरकवत बसावे लागते. नवशिक्या विद्यार्थ्याला वाटते तार वाईट आली. तार वाईट नसते. तिला ताण सवयीचा व्हायचा असतो. जुन्या कादंबऱ्या तार तुटल्याचा आवाज ऐकवून संपत, किंवा पुढल्याच प्रकरणात नव्या तारेवर मैफल सुरू करीत. आजच्या चांगल्या लेखकांचे लक्ष त्या मधल्या आठ दिवसांवर आहे.

कविता महाजन यांची 'ब्र' (२००५) हे त्याचे उत्तम उदाहरण. संसार मोडलेली, मुलापासून दुरावलेली प्रफुल्ला एका संस्थेचे काम पत्करते आणि आदिवासी पाड्यांतून, पंचायतीत निवडून आलेल्या बायकांना भेटत हिंडते. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बायकांना खुर्ची दिली खरी. त्या खुर्चीवर बसू पाहणारीला काय सोसावे लागते ते प्रफुल्ला ऐकते, टिपून घेते. तिचे स्वतःचे दुःख कुठे जात नाही. कोणी राजबिंडा पुरुष येऊन तिला सावरत नाही. ती फक्त इतरांचे ऐकता ऐकता हळूहळू बोलू लागते. 'ब्र काढू नकोस' हे जिने जन्मभर ऐकले तिची कादंबरी त्या एका अक्षराच्या नावाने निघावी, यात मला गळ्यातून प्रथमच खर्ज निघाल्याचा भास होतो. कविताबाई २०१८ साली अकाली गेल्या. त्यांच्याकडून अजून फार यायचे होते.

सगळेच काही असे लिहीत नाहीत. अलीकडे एक वाण बाजारात फार झाले आहे. नायिकेचे मन मोडते, तीन प्रकरणे ती पावसाकडे पाहते, चौथ्यात डोंगरावर किंवा परदेशी जाते, आणि विमान वर उडताच तिला जीवनाचा अर्थ सापडतो. अशी पुस्तके मी वीस पानांवर मिटतो. आठ दिवसांचे काम एका तिकिटात होत नसते. दुसऱ्या बाजूस, दुःख हेच भूषण मानून शेवटपर्यंत कुरवाळणारेही आहेत; ते मला त्याहून कंटाळवाणे वाटतात, पण त्यांच्याविषयी पुन्हा कधी.

एका कादंबरीपाशी मात्र मला थांबलेच पाहिजे. ती प्रेमभंगाची नाही. कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'ला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणापायी उठविलेले गाव. लोक दुसरीकडे नेऊन बसविलेले. आणि मागे सुटलेली एक म्हैस. तिला आणायला एक माणूस पुन्हा त्या ओसाड गावाकडे निघतो. पण म्हैस आता गोठ्यातली राहिलेली नाही, रानाची झाली आहे. सरकारदरबारी गावाची भरपाई ठरते. गाव सुटल्याचे सुतक कुठल्या कागदावर नसते. त्या माणसाने म्हशीमागे घेतलेले हेलपाटे हाच त्याचा दुखवटा.

हे पुस्तक वाचताना मला आमचे घर आठवत राहिले. आमचे आजोबा आणि वडील बडोद्याच्या कलावंत कारखान्यात गवई होते. मी वडिलांच्या उतारवयातले शेंडेफळ, त्यामुळे दरबार मी पाहिलेला नाही. केवळ ट्रंकेत घडी घातलेली पगडी पाहिली. १ मे १९४९ रोजी आपले संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. वडील तेव्हा तेवीस वर्षांचे होते. त्यानंतर अकरा वर्षांनी, पुन्हा १ मेलाच, मुंबई राज्याची दोन राज्ये झाली आणि आपण गुजरातेत आलो. महाराष्ट्रातले नातलग त्या दिवशी पेढे वाटतात, आपल्या शहरात गुजरातचा स्थापनादिन होतो, आणि बडोद्याच्या मराठी घरांत १ मे हा दिवस थोडा मुका जातो. जे झाले ते योग्यच झाले. राजेरजवाडे परत यावेत असे मला यत्किंचितही वाटत नाही. पण ज्या शहराने १९१० सालीच ग्रंथालयांची चळवळ उभारली, गावोगाव पेट्या भरून पुस्तके धाडली, त्या शहराच्या या मुक्या दिवसावर मला हवी तशी मराठी कादंबरी अजून माझ्या हाती आलेली नाही.

वडिलांनी कधी तक्रार केली नाही. रावपुऱ्यात एका माडीवर खोली घेतली, सतरंजी अंथरली, आणि दाखवून घेण्यापुरती दोन भजने शिकायला येणाऱ्या मुलींना 'सा' पासून शिकवू लागले. पुढे तीस-चाळीस वर्षे तेच केले. रात्री शिकवण्या आटोपल्या की दिवा बारीक करून स्वतःसाठी गात, आणि फार हलक्या आवाजात गात. दहा-बारा वर्षांचा असताना मी एकदा विचारले, "बाबा, दरबारातही असेच गायचा का?"

"नाही रे," ते म्हणाले. "इथे खोली लहान आहे."