थेंबाचा मेदूवडा

संग्रामपूरच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं खारं पाणी दिलेलं वावर वाळू लागलं की वर पांढुरकी खपली धरते. खाली मात्र ओल असते. फवाऱ्यातून वाळवलेल्या सूक्ष्म दाण्यांच्या आकाराचा सगळा झगडाही अशाच खपलीशी आहे. सिलिकाचे नॅनोकण पाण्यात कालवून, दुधाची पावडर करतात तसे गरम हवेत फवारले, तर प्रत्येक थेंब पाहता पाहता वाळून काही मायक्रॉनचा दाणा होतो. तो गोल होईल असं वाटतं. पण कण आत सरकण्याआधीच पाणी उडालं, तर थेंबाच्या पृष्ठभागावर कवच धरतं, कणांच्या फटींतलं पाणी त्याला आत ओढतं, कवच दबतं आणि मोत्याऐवजी मेदूवडा हाती येतो. इथे साचा नसतोच. आकार ठरतो तो कोण आधी पोहोचतं यावर.

मग वाळवणं संथ करावं! उपाय खरा, पण थेंब यंत्राच्या भिंतीला लागण्याआधी वाळायला हवा, त्यामुळे किती संथ करणार? तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात देबाशिष सेन आणि सहकाऱ्यांनी दुसरीकडून हात घातला. सिलिकात त्यांनी ई. कोलाय जिवाणू मिसळले. नंतर ते जाळले की त्यांच्याच मापाची पोकळी उरते. अडचण अशी, की पाण्यात दोघांवरही ऋण भार, म्हणून ते एकमेकांना टाळतात, आणि दाण्यांचे मेदूवडे होत. जिवाणूंना पॉलिइथिलीनइमाइन या धनभारित पॉलिमरचा लेप दिल्यावर सिलिका त्यांना धरू लागली आणि वेडंवाकडं होणं थांबलं. अशा दाण्यांचं पोट तपासायला तिथे 1985 पासून चालू असलेल्या ‘ध्रुव’ अणुभट्टीतले न्यूट्रॉन कामी येतात.

घटक तेच असतील तर आकाराचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. पण गाळणीच्या नळीत गोल दाणे भरले तर पाण्याला सगळीकडे सारखी वाट मिळते. वडे एकमेकांवर आडवेतिडवे बसतात आणि पाणी सोपी वाट शोधून पळतं. उलट टोकाचा गैरसमजही नको: पॉलिमर घातलं की दाणा गोल, असा नियम नाही. कणांना न धरणारं पॉलिमर द्रव नुसता दाट करून कवच लवकर आणू शकतं. शिवाय भारांची ही ओढ, आणि सिलिकाच्या कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारा रेटाही, क्षार झाकून टाकतात. संग्रामपूरच्या विहिरीचं पाणी त्या फवाऱ्यात घातलं, तर सिलिकाचे कण थेंबात शिरण्याआधीच गुठळ्या करून बसू शकतात.